मनाचं दुखणं आणि घरची बोली
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीची मंडळी पंधरा दिवसांपूर्वी घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, यंदा तुम्ही मानसिक आरोग्यावर बोला." मी म्हटलं, बाबांनो, मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक होतो. ते म्हणाले, तुमचं वाचन आहे. वाचन आहे ते खरं, पण वाचलेलं सांगण्याआधी मला एक केलेली गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या घरच्यांनाही ती आज पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.

नोकरीची अकरा वर्षं मी पेठ तालुक्यात काढली. १९८८ साली पहिली नेमणूक तिकडची. आपल्या चांदवडच्या माणसाला पेठ म्हणजे दुसरा मुलूखच. इथे पावसाकडे डोळे लावून बसायचं, टँकरची वाट बघायची. तिथे पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या बायका हंडे घेऊन कोरड्या झऱ्यात वाटीवाटीने पाणी भरताना दिसायच्या. वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची. कोकणा लोकांची बोली वेगळी. कोकणी म्हटलं की आपल्याला गोव्याची आठवते, पण ही ती नव्हे. सुरगाणा, पेठ, कळवण आणि पलीकडे गुजरातच्या डांगात बोलली जाते ती. मला सुरुवातीला निम्मीअधिक कळायची नाही.

आणि कळत नाही म्हणून मी काय केलं? नियम केला. शाळेत शुद्ध मराठीच बोलायचं. जो घरची भाषा बोलेल त्याने वर्गाबाहेर उभं राहायचं. त्यामागे वाईट हेतू नव्हता हो. मीही वस्तीतूनच शिकून वर आलेला. पुस्तकी भाषा आली म्हणून मला नोकरी मिळाली, या पोरांनाही मिळावी असंच मला वाटे.

दुसरीत एक मुलगा होता. त्याची आई साप चावून गेली. मुलगा आठ-दहा दिवसांनी शाळेत आला तो मुकाच. पाटीवर लिहायचा, बेरजा बरोबर करायचा, पण तोंडातून शब्द नाही. मी त्याला मठ्ठ समजायला लागलो होतो. पुढे त्याच्या आईच्या दिवसाचं कार्य होतं, त्याच्या बापाने मलाही बोलावलं. रात्री अंगणात थाळकरी बसला होता. तुमच्यापैकी कुणी हे पाहिलं असेल तर माहीत असेल. पितळेची थाळी असते, तिच्या मधोमध मेण लावून एक काडी उभी करतात आणि ती काडी दोन बोटांच्या चिमटीतून वरून खाली ओढत राहतात. त्यातून एक घुमणारा आवाज निघतो. त्या आवाजाच्या साथीवर थाळकरी रात्रभर कथा सांगतो, कणसरीची, धान्याच्या देवीची, पृथ्वी कशी झाली त्याची. माणसं ऐकतात, मध्येच रडतात, मध्येच बिडी ओढतात, हसतातसुद्धा. तो मुलगा अगदी थाळीपुढे बसला होता. मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी तो रडायला लागला आणि त्याच्या आजीच्या मांडीत तोंड खुपसून बोलायला लागला. खूप बोलला. मला त्यातला एक शब्द नीट कळला नाही.

दोन दिवसांनी तो शाळेत आला. माझ्या टेबलाजवळ आला आणि आपणहून मला काहीतरी सांगायला लागला. त्याच्या बोलीत. आणि मी, सवयीने, म्हणालो, "शुद्ध बोल."

तो जागेवर जाऊन बसला. पुन्हा माझ्याशी बोलला नाही. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. तिकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात. आजही पिकअपमध्ये दाटीने उभी असलेली माणसं दिसली की मी चेहरे बघतो.

तर आजचा विषय मी या मुलापासून सुरू करतो, डॉक्टरपासून नाही.

त्याच काळात शहरातून एक पाहणी पथक आमच्या पाड्यावर आलं होतं. चांगली शिकलेली मुलं, हातात छापील फॉर्म. फॉर्ममध्ये प्रश्न होते, मागच्या काही दिवसांत आपणास निरुत्साही वाटले का, आपले चित्त विचलित होते का. म्हातारी माणसं माझ्याकडे बघायची, मी खांदे उडवायचो, आणि ती बिचारी म्हणायची, "नाही." सगळ्या प्रश्नांना नाही. त्या फॉर्मवरून कुणी निष्कर्ष काढला असेल तर आमचा पाडा जिल्ह्यात सगळ्यात सुखी ठरला असणार! त्या वर्षी त्या पाड्यावर दोन घरांत दारूने वाताहत झाली होती आणि एक बाळंतीण जेवणखाण सोडून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पण विचारलंच नाही त्यांना समजेल असं, तर ती सांगणार काय? माणसं माहिती घेऊन गेली, परत कधी आली नाहीत, त्या फॉर्मचं पुढे काय झालं तेही कुणाला कळलं नाही. आदिवासी भागात याचा अनुभव सगळ्यांना आहे. येतात, विचारतात, फोटो काढतात आणि जातात.

याच पेठ तालुक्यात पुढे २०१३ ते २०१५ या काळात एक वेगळं काम झालं. मी तेव्हा तिथे नव्हतो, बदलून केव्हाच इकडे आलो होतो, पण नंतर मुद्दाम त्याविषयी मिळालं ते वाचलं. कामाचं नाव 'आत्मीयता'. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण या विषयाचं केंद्र आहे, त्यांनी ते केलं, आणि त्याला पैसा आला कॅनडातून. ४१ गावांत हा प्रयोग झाला. त्यांनी काय केलं, तर डॉक्टर नेऊन बसवला नाही. गावातले बचत गट, शेतकऱ्यांची मंडळं, जी आधीपासून होतीच, त्यांतूनच माणसं निवडली. काहींचं काम एवढंच की आपल्या आळीत, आपल्या भावकीत कोण गप्प झालंय, कोण जेवत नाही, कोण पिऊन पडतोय, याच्यावर लक्ष ठेवायचं. आणि काहींना जास्त शिकवलं, की अशा माणसाकडे जायचं, चार-सहा वेळा बसायचं, उपदेश न करता ऐकायचं, त्याला पुन्हा रोजच्या कामाला, चार माणसांत यायला हळूहळू लावायचं. दुखणं जास्त असेल तर दवाखान्यात पोचवायचं. मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, ज्यात त्यांच्यासारखीच माणसं आपली अडचण बोलतात.

आणखी एक गोष्ट त्यात होती, ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटली. ही माणसं निराधार पेन्शन, विधवा योजना, रेशनकार्ड यांचीही कामं करून द्यायची. कारण ज्या बाईचं मन उदास आहे ती उदास का आहे? नवरा गेला, रेशनकार्डावर नाव नाही, सावकाराचा तगादा आहे. तिला 'सकारात्मक विचार करा' म्हणून सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणं. बाबासाहेबांच्या लेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालं. पण सुरुवात झाली ती आपल्या नाशिक जिल्ह्यात, हे आपल्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे? इथे हात वर करायला सांगत नाही.

लोकांना विचारून करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून आहेत. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी पुस्तकात शोधलं नाही, आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसांना तिथे राहायला जागा नाही, आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग शोधग्रामला दवाखाना बांधला तो झोपड्यांसारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. आता देवीचं नाव म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल, मला दिसतेच आहे. त्या मुद्द्यावर मी येतो.

त्याआधी थोडं बाहेरचं सांगतो. कॅनडा देशात तिथल्या मूळनिवासी लोकांच्या मुलांना सरकार आणि चर्चच्या वसतिशाळांत ठेवत असत. आईबापांपासून तोडून न्यायचं, केस कापायचे, नावं बदलायची, आणि आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. शंभराहून जास्त वर्षं हे चाललं, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २००८ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. त्यांचं सरकार होतं, मी एक शिक्षक होतो, माझ्याकडे एक वर्गखोली होती, पण 'शुद्ध बोल' हा शब्द तोच होता.

त्याच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात चँडलर आणि लालोंड या अभ्यासकांनी मूळनिवासी समाजांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला. १९९८ साली त्यांनी दाखवून दिलं की सगळ्या समाजांत सारखी स्थिती नाही. जिथे लोकांच्या हातात आपली शाळा, आपला दवाखाना, आपली जमीन आणि आपला कारभार आहे, तिथे तरुण पोरं कमी मरतात. पुढे २००७ साली त्यांनी भाषेचा हिशेब मांडला. ज्या वस्त्यांत निम्म्याहून जास्त लोक आपल्या भाषेत बोलू शकत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्या जवळपास नव्हत्याच. बाकीच्या ठिकाणी प्रमाण सहापट होतं. आता याचा अर्थ भाषा शिकवली की आत्महत्या थांबल्या, असं सोपं गणित कुणी करू नये. ज्या गावात भाषा टिकते त्या गावात आजी-आजोबांना किंमत असते, पोरं त्यांच्याजवळ बसतात, माणसं एकमेकांना धरून असतात. भाषा हे त्याचं लक्षण असेल. पण लक्षण म्हणूनही ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ताप हा रोग नसतो, तरी आपण थर्मामीटर लावतोच ना!

आपल्याकडे गोंडी, भिली, कोकणा, वारली यांतली एकही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. २००३ च्या दुरुस्तीने संथाली आणि बोडो आल्या, या राहिल्या. डॉ. गणेश देवी यांनी २०१० साली देशभर भाषांचं लोकसर्वेक्षण सुरू केलं, त्यात सरकारी माणसं नव्हती, त्या त्या भाषेची माणसं होती, आणि त्यांनी ७८० भाषांची नोंद केली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. कायद्याचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायद्यातच शक्यतो मातृभाषेतून शिकवा असं लिहिलेलं आहे. 'शक्यतो' हा शब्द सरकारी कागदात फार सोयीचा.

आता कपाळाच्या आठीकडे येतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आपण १९५६ साली अंगारा-धुपारा सोडला, देव नदीत टाकले, भगत-देवऋषी बंद केले. आणि तुम्ही विहारात उभं राहून थाळकऱ्याचं कौतुक करता? प्रश्न योग्य आहे. मीही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा आहे, हे कौतुक माझ्याही घशातून सहज उतरत नाही. आणि श्रद्धेच्या नावाखाली काय होतं ते आपण विसरू नये. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. मानसिक रुग्णांना बरं करण्यासाठी साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ माणसं जळून मेली. साखळी ही साखळीच, ती कुठल्या धर्माच्या दारात बांधली याने फरक पडत नाही. आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्या मुलाची आई वाचली असती का, हे मला अजून वाटतं. तिला आधी भगताकडेच नेलं होतं.

म्हणून मी भगताचा वकील नाही. पण त्या रात्री त्या पोराला बोलतं कुणी केलं? मंत्राने नाही. त्याच्या भाषेतली गोष्ट होती, सगळी वस्ती भोवती बसलेली होती, रडायला पूर्ण रात्र मोकळी होती, आणि आजीची मांडी होती. हे चारही काढून घेतलं आणि फक्त अंगारा ठेवला तर तो ढोंग. आपण अंगारा टाकला हे फार चांगलं केलं. पण अंगाऱ्याबरोबर ते बसणंही टाकून दिलं का, हे एकदा तपासायला पाहिजे. आपल्याकडे आज कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, वंदना होते, चार भाषणं होतात, गेलेल्याचे गुण सांगतात, जेवणं होतात, तीन तासांत मंडप रिकामा. त्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलते?

किसा गोतमीची गोष्ट मी पुन्हा सांगत नाही, ती इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. फक्त एवढंच बघा की भगवंतांनी तिला समोर बसवून प्रवचन दिलं नाही. तिला दारोदार पाठवलं. प्रत्येक दारात तिला कुणीतरी आपलं मेलेलं माणूस सांगितलं. मोहरी कुठेच मिळाली नाही, पण सगळ्या गावाशी तिचं बोलणं झालं. आणि भाषेविषयी म्हणाल तर विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तक्रार करतात की वेगवेगळ्या कुळांतली, प्रांतांतली माणसं आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा आपण ते छंदसात बांधू. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि आपापल्या भाषेत शिकायची मुभा दिली. नंतरच्या अट्ठकथाकारांनी त्याचा अर्थ वेगळा लावला आहे, पंडितांचा वाद चालू आहे, पण मला सरळ अर्थच पटतो. वर्गाबाहेर उभं करणारा गुरुजी मी होतो, ते नव्हते.

हे झालं आदिवासींचं आणि पोथीतलं. आता आपल्या घरातलं.

माझी आई बागलाणातली. तिकडे अहिराणी. लग्न होऊन चांदवडला आली तरी तिची बोली शेवटपर्यंत गेली नाही. वडील २००४ साली गेले. वर्षभराने आईचं जेवण तुटलं. रात्र रात्र उशाला हात लावून बसायची. म्हणायची, "मना जीव ठिकाने नही." मी तिला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आजी, टेन्शन आहे का? आई म्हणाली, नाही. टेन्शन हा शब्द तिच्या लेखी नोकरीवाल्या माणसांचा. मग विचारलं, कुठे दुखतं? आईने छातीवर हात ठेवला. छातीचा फोटो काढला, कार्डिओग्राम काढला, सगळं नॉर्मल. चारशे रुपये गेले. दोष डॉक्टरांचा म्हणत नाही मी, बाहेर चाळीस पेशंट बसलेले होते. पण तिने बरोबर सांगितलं होतं. जीव ठिकाणावर नाही म्हणजे काय हे आपल्या कोणत्याही म्हातारीला विचारा. जिवाला घोर लागणं वेगळं, मन न लागणं वेगळं, काळजात धस्स होणं वेगळं, जीव घाबरा होणं वेगळं, डोक्यात किडे वळवळणं वेगळं. पाच दुखणी आहेत ही, आणि आपण सगळ्यांना एकच नाव दिलं, टेन्शन!

शेवटी नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी तिला झोप यायला लागली, हे खरं सांगितलं पाहिजे. गोळ्या नकोत असा प्रचार कुणी माझ्या नावावर करू नये. पण ती जेवायला लागली ती वेगळ्या कारणाने. मागच्या गल्लीत सटाण्याकडची एक बाई राहायला आली होती. दुपारी ती यायची. दोघी ओट्यावर बसून लसूण सोलायच्या आणि अहिराणीत बोलायच्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं आई घरात बोलतच नव्हती. का? तर नातवंडं हसायची. "आजी, असं नाही म्हणत, असं म्हणतात." आणि ती पोरं हे शिकली कुणाकडून? त्यांचा बाप शिक्षक!

जात्यावर दळताना आपल्या बायका गायच्या. आता जातं नाही, पिठाची गिरणी आली, त्याचं दुःख करण्याचं कारण नाही. पहाटे तीनला उठून दळणारीला विचारा गिरणीची किंमत. पण त्या जात्यावर तिला जे सासूला, नवऱ्याला, डॉक्टरला सांगता येत नव्हतं ते ती बोलायची. पुण्याच्या दिवंगत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायकांकडून माहिती काढायची म्हणून नाही, तर गरीब बाईलाही स्वतःचा विचार असतो आणि तो तिच्या शब्दांत उतरवून घ्यायचा म्हणून. त्यात आपल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत, १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. २०१७ पासून त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात, 'पारी' नावाच्या संस्थेने ठेवल्या आहेत. मोबाईलवाल्या पोरांनी आपल्या आजीला एकदा लावून द्याव्यात. माझ्या शेजारच्या मावशींना मी लावून दिल्या तर त्या ऐकायचं सोडून स्वतःच पुढच्या म्हणायला लागल्या.

आता शेवटचं उदाहरण देतो. आफ्रिकेत झिम्बाब्वे देश आहे. २००६ साली त्या सगळ्या देशात मानसोपचाराचे डॉक्टर हातावर मोजण्याइतके होते. हरारे शहरातल्या डॉ. डिक्सन चिबांडा यांना एका वस्तीत काम सुरू करायचं होतं, पण खोली नाही, नर्स नाही. मिळाल्या चौदा आज्या. मग दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाकडं टाकलं. आजी बाकड्यावर बसणार, ज्याला बोलायचं तो शेजारी बसणार. त्यांच्या शोना भाषेत उदासीच्या आजाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. म्हणजे फार विचार करणं, विचार करकरून मन झिजणं. आज्यांनी तोच शब्द वापरला, डॉक्टरांचा नाही. 'मानसिक आरोग्याचं बाकडं' असं नाव असतं तर कुणी फिरकलं नसतं, म्हणून मैत्रीचं बाकडं म्हणायला लागले. २०१६ साली त्याची रीतसर शास्त्रीय चाचणी छापून आली, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा बाकड्यावरच्या लोकांना जास्त गुण आला असं दिसलं. आज्यांना शिकवलं मात्र होतं, कसं विचारायचं, अडचणींतली एक कशी निवडायची, कुणाला तातडीने दवाखान्यात न्यायचं. उगाच कुणीही कुणालाही सल्ला द्यायला बसायचं असं नव्हे.

मी समितीपुढे एक मागणी ठेवली आहे, ती तुमच्यापुढेही ठेवतो. आपल्या विहाराच्या व्हरांड्यात एक बाकडं आहे, त्याच्यावर सध्या लाऊडस्पीकरची पेटी आणि जुनी बॅनरं पडलेली आहेत. ते मोकळं करावं. रविवारच्या वंदनेनंतर तासभर महिला मंडळातल्या दोघी आणि पुरुषांपैकी एक, असं आळीपाळीने तिथे बसावं. बसण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या माणसांकडून ही मंडळी शिकून आलेली असावीत. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, ही पहिली अट, आणि आपल्या वस्तीत तीच सगळ्यात अवघड आहे, हसू नका. अहिराणी, भिल्ली, ज्याला जी बोली येते त्याने ती बोलावी. कांदा लागवडीला, काढणीला डोंगरातून येणारी माणसं वस्तीच्या कडेला पाल टाकून राहतात. त्यांनाही या बाकड्यावर बसायला मज्जाव नसावा. ते आपल्या धर्माचे नाहीत असं कुणी म्हणेल. मंदिराच्या दारात पाच वर्षं सत्याग्रह करूनही आत न घेतलेली आपली माणसं, हे नाशिकला १९३० सालापासून घडलं. आपल्या दारात आपण तसं करू नये.

काही कागदोपत्री गोष्टी लिहून घ्या, ज्यांच्याजवळ पेन आहे त्यांनी. सरकारची टेलिमानस नावाची फोन सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्री केव्हाही लावा, मराठीत बोलतात. दुसरं, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात उशिरा नेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याच्यावर उपचार करायचे आहेत. औषध प्यायलेल्याला घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका, गाडी काढा आणि घेऊन जा, पुढचं पुढे. तिसरं, कुणालाही बांधून, साखळीत, कोंडून ठेवणं चालत नाही, साखळी तर कायद्याने पूर्ण बंद आहे. असं घर तुमच्या माहितीत असेल तर भांडायला जाऊ नका, त्या घरचे थकलेले असतात. मला सांगा, आपण दोघं-तिघं मिळून जाऊ.

बाकड्याचं रंगकाम मी माझ्या पेन्शनीतून करून देतो. महिला मंडळाने दोन नावं आजच अध्यक्षांकडे द्यावीत. माझंही नाव घ्या, पण पहिल्या रविवारी मला नुसतं ऐकायला बसवा, बोलायला नको. चाळीस वर्षं बोलण्याची सवय लागली आहे, ती सुटायला वेळ लागेल.

जयभीम. नमो बुद्धाय.